मोकळे हात

तिला त्यातून मिळणार होता रोजचा अर्धा तास. त्याला मिळणार होती ती. दोघांनाही सौदा स्वस्त वाटला.

कारखान्यातली ती एकटी बाई वायरमन. तो पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर. ओळख जिन्यात झाली. तिच्या हातून जेवणाचा डबा सुटला आणि खालून येणाऱ्या या माणसाने तो वरच्या वर झेलला.

"सर्कशीत होतात का?"

"नाही हो. काही पडताना दिसलं की हात आपोआप जातो." त्याने मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवला. "लहानपणी उकळत्या दुधाचं पातेलंही सोडलं नाही. आई म्हणते, घडणीतच आहे याच्या."

"मग जपा. मी फार धांदरट आहे."

"पडू द्या की... मी आहेच."

पुढच्या आठवड्यात तिच्या हातून पेन पडलं, रुमाल पडला, एकदा तर अख्खी छत्री. इतकी धांदरट ती कधीच नव्हती. पॅकिंगमधल्या पोरींनी त्याचं नाव 'झेल्या' ठेवलं.

अडचण एकच. तिला पाचला सुटी, कंपनीची बस साडेपाचला. आणि त्याचा दिवसाचा आकडा पुरा व्हायचा तो बसचा हॉर्न वाजताना. प्रेस खाली यायला दोन बटणं, दोन हातांनी, एकदम दाबावी लागत.

"बटणांऐवजी पायाखाली पेडल देशील?" तो म्हणाला. "हात मोकळे राहिले की पाचलाच उरकेल. मग तू, मी आणि फाटकाजवळचा बाक..."

"ती बटणं हात बाहेर राहावेत म्हणून आहेत. हे धूड एकदा सुटलं की मध्ये थांबत नाही. स्वभावच आहे त्याचा."

"मी काय आंधळा आहे?"

ती हसली — आणि तिने वायर बदलली. प्रेसचा स्वभाव तिला तोंडपाठ होता. त्याचा तर तिने डब्यासकट पाहिला होता. तो तेवढा हिशेबात धरायचा राहिला.

अकरा संध्याकाळी ते बाकावर बसले. अकराव्या दिवशी तिची बोटं हातात घेऊन तो म्हणाला, "घरी सांगू?"

"अजून सांगितलं नाहीस?"

बाराव्या दिवशी पेडल दाबलं गेलं, प्रेस सुटली, आणि पत्रा साच्यावरून घसरला. पडताना दिसला. हात गेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "वायर कोणी बदलली?"

"मीच," तो म्हणाला. पट्टीतला उजवा हात मांडीवर होता.

"हे नको झेलूस," ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने, "साहेब, मी बदलली."

उठताना तिच्या हातून छत्री निसटली — या वेळी खरोखरच. त्याचा उजवा हात पट्टीसकट झेपावला. छत्री फरशीवर आपटली. तिने ती उचलली नाही. आधी तो हात दोन्ही हातांत धरला.

एकूण साडेपाच तास मिळाले. त्याची चार बोटं गेली, तिची नोकरी गेली. प्रेसला बटणं परत बसवली. त्या धुडावर ओरखडाही नव्हता.