आपले वकीलसाहेब

"उद्या माझा ल्योक हर्षल मॅजिस्ट्रेटसमोर कबुली देनार हाय. अन् त्यानं तर काडीबी लावली न्हाई," बनुबाई म्हणाल्या.

शेवगावजवळ छगनच्या कापसाची गंजी भरदुपारी जळाली होती. शेजारी हर्षल चालवायचा त्या ट्रॅक्टरवरचा डिझेलचा कॅन सापडला आणि हर्षल आत गेला. खाजगी तपास करणाऱ्या निवेदिताबाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांचा सहायक अवधूत मात्र निकाल देऊन मोकळा झाला होता. कॅन त्याचा, म्हणजे आग त्याची.

"कबुली द्या, असं कोण म्हणालं?"

"आपले नृसिंह वकील. रागाच्या भरात पेट्रोल ओतलं म्हन, शिक्षा कमी हुईल, म्हनले. लई भला मानूस. मालकानंच लावून दिला. मी पाया पडले त्येंच्या."

मालक म्हणजे गहिनीनाथ, छगनचा चुलतभाऊ. ट्रॅक्टर त्याचाच.

कोठडीत हर्षल एवढंच म्हणाला, "मी घरी हुतो. पोलीस डिझेल म्हनत्यात, मला तेवढंच ठावं."

छगन वैतागला होता. "विमा न्हाई, काय न्हाई. बांधाचा दावा जिंकलो अन् आठ दिसांत गंजी गेली. हर्षलशी माझं काय वाकडं?"

"दावा कोणाशी होता?"

"गहिनीनाथशी."

गहिनीनाथने टोपी कपाळावर ओढली होती, तरी उजवी भुवई गायब असल्याचं दिसत होतं. "चुलीचा जाळ लागला," तो म्हणाला. चहा मात्र गॅसवरचा आला. तो छान होता, म्हणून अवधूतने आणखी अर्धा कप मागितला.

"बांधाच्या दाव्यात वकील कोण होते?"

"आपले नृसिंह वकील."

संध्याकाळी बनुबाईंना घेऊन दोघं वकिलांकडे गेले.

"साहेब, पेट्रोल तुम्हाला कोणी सांगितलं?" निवेदिताबाईंनी विचारलं. "फिर्यादीत डिझेल आहे, पंचनाम्यात डिझेल आहे. तपासणीचा अहवाल अजून यायचाय. हर्षललाही डिझेलच ठाऊक आहे."

"ते मी सांगू शकत नाही," वकील म्हणाले.

"तेवढं पुरे. अशिलाचं गुपित वकील फोडत नाही. ते हर्षलचं नाही, म्हणजे दुसऱ्या अशिलाचं."

"पण कोणाचं?" अवधूतने विचारलं.

"अहो, डिझेल सावकाश पेट घेतं. पेट्रोल काडी ओढताच भडकतं आणि भुवई घेऊन जातं. दावा हरला गहिनीनाथ. कॅन त्याच्या ट्रॅक्टरवरचा, हर्षलवर आळ यावा म्हणून ठेवलेला. हर्षलला वकील दिला तोही त्यानेच." त्या वकिलांकडे वळल्या. "एका अशिलाला वाचवायला तुम्ही दुसऱ्याला कबुली द्यायला लावत होता."

अवधूतला आता तो मागून घेतलेला अर्धा कप आठवला.

वकिलांनी कपाट उघडून हर्षलचे कागद बनुबाईंपुढे ठेवले. "दुसरा वकील बघा. उद्या कबुली होणार नाही. मी आता दोघांचाही वकील नाही."

बनुबाईंनी कागद पदराखाली घेतले आणि दारात थांबल्या.

"परवा मी तुमच्या पाया पडले हुते, साहेब."