नाकातलं शिसं

"बाई, लवकर या! तुडीलच्या माळावर विमान पडलंय, माणूस जखमी हाय!"

फोन येताच दसऱ्याचा महाडमधला बंदोबस्त हवालदारावर सोपवून फौजदार सरिता तांबे निघाल्या. विमान रिमोटवर उडणारं होतं. पण पाच किलोचं जेट वेगात डोक्यावर आदळलं की ते खेळणं राहत नाही. गुरं राखणारा रामा बेशुद्ध होऊन दवाखान्यात गेला होता. तो दगावला तर उडवणाऱ्या आमोदची धडगत नव्हती. पोरगा बांधावर पांढराफटक बसला होता.

"स्टॉल झालं, मॅडम," त्याचा मित्र शौनक पुढे झाला. "वेग कमी पडला की पंख हवा धरत नाहीत. चूक चालवणाऱ्याची."

न विचारता उत्तर देणाऱ्यांचा सरिताबाईंना भारी राग. त्या आमोदकडे वळल्या.

"वेग कमी केलास?"

"नेहमीचाच होता. उतरवताना मी काही न करता नाक वर गेलं, मग एक पंख कोसळला."

"उडवण्याआधी काय तपासतोस?"

आमोदनं मान खाली घातली. "दोन बोटांवर तोलतो. शेपूट जड होऊ नये म्हणून नाकात शिसं असतं. पण काल खंडेनवमी. तोलून पूजेत मांडलं. पूजेतली वस्तू हलवायची नाही, म्हणून आज उचललं ते थेट इथं. काल तोललेलंच होतं, म्हणून पुन्हा तोललं नाही. बॅटरी पोटातून बसवली, नाक उघडलंच नाही."

"पूजेला कोण आलं होतं?"

"फक्त शौनक. आई प्रसाद आणायला आत गेली, तेव्हा हा तिथंच बसला होता."

गुरांपाशी मागं राहिलेली रामाची बायको काशीबाई पदरानं डोळे पुसत होती. "रोज लांब धावतंय, मंग उठतंय. आज बेडकागत टुणकन उडालं, बाई."

सरिताबाईंनी विमान उलटंपालटं केलं. शेपटीचा चुरा झाला होता, नाक शाबूत होतं. झाकणावरची चिकटपट्टी तशीच होती आणि तिच्याखाली झेंडूची पाकळी दबली होती. त्यांनी पट्टी कापली. आत काहीच नव्हतं.

"शौनक, शिसं कुठं गेलं?"

"पडताना उडालं असेल."

"बंद झाकणातून?" बाईंचा आवाज चढला. "झेंडू पूजेत वाहिला. पाकळी पट्टीखाली आहे, म्हणजे पूजेनंतर कुणीतरी झाकण उघडून पुन्हा चिकटवलं. शिसं गेलं, शेपूट जड झाली. म्हणून ते लवकर उठलं आणि उतरताना आपोआप नाक वर करून कोसळलं. पूजेतलं विमान आमोद पुन्हा तोलणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. कशासाठी केलंस?"

शौनकचा चेहरा उतरला. "पुण्याच्या स्पर्धेला आमच्या विमान उडवणाऱ्या मंडळाचं एकच विमान जाणार होतं. दर वेळी ह्याचंच जातं. मला फक्त ते पाडायचं होतं."

काशीबाई उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"पाडलंस रं. पर खाली माजा मानूस होता, तो नाय का दिसला तुला?"