मोर्णेकाठचा चहा, पूर्णेकाठचा रोडगा

"नदीकाठी बसून चहा प्यायची एखादी चांगली जागा सांगता का?"

हा प्रश्न अकोल्यात कुणी विचारला तर तो माणूस एकतर बाहेरगावचा समजावा, नाहीतर डोक्याने जरा कमी. मला तर त्या संध्याकाळी तो दोन्ही वाटला. मोर्णेच्या पुलाजवळ आमचं फुलांचं दुकान आहे. मी शेवंतीचा हार ओवत बसले होते, आणि हसता हसता सुई बोटात गेली.

"हासाले काय झालं?" त्याने विचारलं. बोली ऐकली आणि कळलं, हा तर आपलाच वऱ्हाडी!

मग मी सांगितलं त्याला. म्हटलं, आमच्या गावात झाडून सारी हॉटेलं नदीकडे पाठ करून उभी आहेत. मागच्या दाराने फक्त भांडी धुतात. नदीत पाणी कमी आणि जलकुंभी जास्त. चहा तर सोडाच, तिथे उभं राहून कुणी पानसुद्धा खात नाही. तो मान हलवत सगळं ऐकत होता. नाव नितेश. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने त्याला इकडे नेमलेलं. तिचं ॲप होतं, कुठे काय खायला मिळतं ते लोकांना सांगणारं. साहेबांनी प्रत्येक शहराला एकच मथळा ठरवलेला – नदीकाठची ठिकाणं. अमरावतीत याला एक नाला तेवढा सापडला. साहेब रागावले. आता अकोल्यात तरी काही सापडायलाच हवं होतं.

"मग आता?" मी म्हटलं.

"आता तुमी सांगान."

"मी काहून सांगू?"

"तुमी हासल्या ना. जो हासते, त्याले सारं माईत असते."

बोटातून थेंबभर रक्त आलं होतं. त्याने खिशातला रुमाल काढला, पुढे केला... आणि मग रुमाल फारसा धुतलेला नाही हे लक्षात येऊन परत खिशात कोंबला. मला तिथेच आवडला तो. उगाच खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी त्याला नत्थुजींच्या टपरीवर नेलं. टपरी नदीला लागून, पण बाकडं रस्त्याकडे तोंड करून. आम्ही दोघांनी ते उचललं आणि उलटं फिरवलं. झाली नदीकाठची जागा! नत्थुजी म्हणाले, इतकी वर्षं चहा विकतो, पण तिकडे तोंड करून बसणारे तुम्हीच पहिले. वास येत होता, नाही असं नाही. मी पदर... म्हणजे ओढणी नाकाला लावली, तर नितेश म्हणतो कसा, "चहाचा वास घ्या ना, आचल. नदीचा कायले घेता?" जलकुंभीवर पांढरे बगळे मोजूनमापून पावलं टाकत होते, आणि पलीकडे सूर्य बुडत होता. जन्म इथे गेला माझा, पण मोर्णेत सूर्य असा बुडतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग काय, नादच लागला. एका रविवारी बाळापूर. मन नदीच्या काठी जुनी दगडी छत्री आहे, तिथे बसून गरम आलूबोंडे खाल्ले. तळलेल्या मिरच्या त्याने माझ्या कागदात टाकल्या आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत माझ्याकडे बघत बसला. एकदा गांधीग्राम. पूर्णेच्या पुलापाशी गूळपट्टी घेतली, त्याने ती गुडघ्यावर आपटून मोडली आणि मोठा तुकडा मला दिला. घेताना बोटाला बोट लागलं. दोघांनीही हात मागे घेतला नाही... गूळपट्टी चिकट असते, असं मी घरी जाईपर्यंत स्वतःला सांगत होते.

त्याच दिवशी त्याने स्वतःचं सांगितलं. आईबाप लहानपणीच गेले. नांदगाव खंडेश्वरला काका होते, त्यांच्याकडे राहिला. मग मोझरीला वसतिगृहात. मोझरीचे दिवस बरे होते म्हणाला, सगळे सारखे. पण काकांच्या घरी सणावाराला याचं ताट ओसरीवर, सगळ्यांची पंगत उठल्यावर. हे सांगताना तो हसत होता. मला मात्र त्या काकूच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या.

"मले कोणी पंगतीत मधात बसवलं ना," तो म्हणाला, "तर मी काय खाऊन राहिलो तेही पायणार नाई."

आमच्या घरी तो येऊ लागला तो फुलं न्यायचं निमित्त करून. कंपनीच्या माणसाला रोज शेवंती कशाला लागते हे बाबांनी कधी विचारलं नाही. माझे बाबा, शालिकराम, भोळा माणूस. मला भाऊ नाही, आई मी पाचवीत असताना गेली. घरात बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण पार्बता आत्या. नितेश आला की बाबांची कळी खुलायची. त्याला गांधीग्रामजवळच्या आमच्या मळ्यात न्यायचे, निशिगंधाचे कंद कसे लावायचे ते दाखवायचे, आणि तोही पँट वर खोचून वाफ्यात उतरायचा. आत्याने तर पहिल्याच चहात त्याची जात विचारून घेतली. आमचीच निघाली. मी आत स्वयंपाकघरात देवापुढे हात जोडले.

म्हणजे अडायला काहीच नव्हतं बघा. माघात आमच्या कुळाच्या देवाचे रोडगे असतात, गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं गावजेवण, पूर्णेच्या काठी. तिथेच जेवणं झाली की नितेश बाबांना माझ्याबद्दल विचारणार, असं आमचं ठरलं. तो तर चार दिवस आधीपासून वाक्य पाठ करत होता. "मामाजी म्हणू का काकाजी?" मी म्हटलं, आधी तोंड तर उघड!

रोडग्याच्या दिवशी आमच्याकडे गोवऱ्यांचे दोन आर, म्हणजे निखाऱ्यांचे ढीग, पेटतात. एका आरावर पाहुण्यांचे रोडगे, कणकेचे थर देऊन वळलेले, खरपूस. दुसरा आर लहान, तो देवाचा. देवाचा रोडगा फक्त कुळातल्या माणसाने खायचा. लग्न होऊन गेलेल्या लेकीला तो मिळत नाही, जावयाला तर नाहीच नाही. आणि एकदा ज्याने तो खाल्ला तो कुळाचा झाला, कुळाच्या लेकींचा भाऊ झाला. आमच्या कुळात हे कुणाला शिकवावं लागत नाही. नितेशला ते माहीत असायचं कारण नव्हतं, आणि त्याला सांगावं असं मलाही सुचलं नाही. पाहुण्यांच्या पंगतीत बसणार तो, देवाच्या रोडग्याशी त्याचा संबंध काय?

नदी उतरलेली, वाळू कोवळ्या उन्हात तापत होती. वांग्याच्या भाजीचा वास सगळीकडे पसरलेला. देवाची पंगत बसली. पंगत कसली, बाबा एकटेच! चुलते वारले, त्यांची मुलं नोकरीपायी दूर गेलेली, कुणी आलं नव्हतं. मी आणि आत्या वाढायला. बाबांनी त्या रिकाम्या वाळूकडे पाहिलं. मग त्यांची नजर गेली तिकडे, पाहुण्यांसाठी पाणी आणणाऱ्या नितेशकडे.

"नितेश, ये इकडे. बस माह्याजवळ."

माझ्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. "बाबा," मी म्हटलं, "तो पाहुणा आहे."

"पाहुणा कायचा? घरचाच आहे."

तो येऊन बसला. बाबांनी देवाचा रोडगा मोडला, तुपात बुडवला आणि घास स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडापाशी नेला. सगळे पाहुणे बघत होते. मी बोलायला हवं होतं. पण बोलणार काय? ह्याला देऊ नका म्हटलं, की का ते सांगावं लागणार. पन्नास माणसांसमोर, बाबांच्या त्या चेहऱ्यासमोर. आई गेल्यापासून मी त्यांचा चेहरा असा पाहिलाच नव्हता. मी नितेशकडे पाहून मान हलवली – नको, नको. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने तोंड उघडलं आणि घास खाल्ला.

आत्याने पदराने डोळे पुसले. "बरं झालं वं माय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आमच्या आचलच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळाले घरचा भाऊ नोयता. आता देवानं देला."

नितेश हसला. आधी नुसताच, काही न समजता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं. बाबा पाठीवर हात ठेवून त्याला कुळाची रीत समजावून सांगत होते. तो 'हो... हो' म्हणत होता.

जेवणं झाल्यावर मी पाण्यावर भांडी घासत बसले. तो आला, शेजारी बसला आणि एक ताट घेऊन वाळूने घासू लागला. चार ताटं घासून झाली. शेवटी मीच म्हटलं, चल, अमरावतीला जाऊ, कोर्टात लग्न करू. देवाचं काय ते मी बघून घेईन. रागाने म्हणत होते, पण खरंच म्हणत होते.

"तुह्या बाबानं मले हातानं घास भरवला, आचल. आजवर कोणी नाई भरवला. त्याच्या देवाले खोटं पाडू मी?"

"आणि मी? मी कोण तुझी?"

"तू..." त्याने ताट खाली ठेवलं. "मले तू आवडतं. पहिल्या दिवसापासून, सुई टोचली तेव्हापासून. नदी बिदीच्या बहाण्यानं हिंडलो. मले तुह्यासोबत म्हातारं व्हायचं होतं."

इतके महिने ज्या शब्दांची मी वाट पाहिली, ते असे आले. खरकट्या भांड्यांमध्ये, आणि काही उपयोग नसताना.

"तुह्या बाबाचा लेक होईन मी," तो म्हणाला, "पण तुहा भाऊ नाई होणार. त्या घरात येऊन-जाऊन ते जमत नाई. म्हणून आता येणार नाई."

आठवडाभरात त्याने पुण्याला बदली मागून घेतली. स्टेशनवर मी गेले नाही. तो जाताना बाबांच्या पाया पडून गेला, मी मात्र दुकानातून उठले नाही.

चैत्रात परतवाड्याचं एक स्थळ आलं. पसंती झाली, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बाबा उत्साहात होते. म्हणाले, नितेशला फोन लाव, साक्षगंधाला आठ दिवस आधीच ये म्हणावं, भावाशिवाय कार्य होतं का?

"तो नाई येणार, बाबा."

"काहून? सुटी नाई भेटत का?"

मी किती दिवस गप्प होते. त्या दिवशी मला ते जमलं नाही. "तो माह्या नवऱ्याचा कान नाई पिळणार, बाबा," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. आधी त्यांना कळलं नाही, आणि मग कळलं. ते खाटेवर बसले. हातातला मोबाइल त्यांनी उशाशी ठेवला.

"आधी सांगावं ना, माय..."

"कधी सांगू? तुमचा हात त्याच्या तोंडापाशी होता."

ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "खाल्लेला घास मी कसा परत घेऊ, पोरी? देवाले काय सांगू?" आणि खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरून रडू लागले. मी त्यांच्या जवळ गेले, गुडघ्याला टेकून बसले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले. दोघंही एकाच माणसासाठी रडत होतो. बाबांचा लेक गेला होता, आणि माझा नितेश.