मागून येणारा श्वास

बोगद्यात केतकी एकटीच होती. मग तिच्या मागे श्वास कोण घेत होतं?

ती थांबली. तोही थांबला.

पण जरा उशिरा.

समुद्रतळावरच्या त्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाला पोशाख चढवून हा अंधारा बोगदा एकट्याने पार करावा लागे. हृदय फार धडधडलं की मनगटावरचा दिवा लाल होई आणि मुलाला परत फिरावं लागे. केतकी याआधी परत फिरली होती. आज पुन्हा फिरली, तर रवानगी किनाऱ्यावरच्या वसतिगृहात. बाबा मात्र इथेच, खाली.

आत.

आत.

आत.

तिचं घराणं पाणबुड्यांचं. भीती वाटली की छाती भरून घ्यायची, ही घरची रीत. तिनेही तेच केलं. बोटांना मुंग्या आल्या. मागचा श्वास आता धापा टाकत होता, अगदी मानेपाशी. दिवा पिवळा झाला.

हे पोशाख बनवणारी शास्त्रज्ञ म्हणजे तिची कालिंदीआत्या. ती शिरस्त्राणातल्या ध्वनियंत्रावर होती.

"आत्या, माझ्यामागे कुणीतरी आहे."

"आहे ना. तूच आहेस, बाई."

आत्याने समजावलं. पोशाखातला भाता (हवा आत-बाहेर करणारी पिशवी) केतकीच्या श्वासाबरोबर फुसफुसतो. तो आवाज बोगद्याच्या मागच्या टोकाला आपटून उशिरा परततो. ती घाबरली की तोही घाबरतो.

"मग श्वास घेऊच नको?"

"घे की. पण नुसती भरतेयस, सोडतेस कुठे? चमच्यातली गरम पेज न सांडता फुंकतेस ना, तसा सोड."

श्वास सावकाश सोडला, की एक मज्जातंतू (शरीरात निरोप वाहणारा धागा) हृदयाला सांगतो, घाई नको. म्हणून सोडणं हे घेण्याहून लांब हवं. मन पळालं तर त्याच्यावर चिडायचं नाही. बोट धरून श्वासापाशी आणायचं.

आत.

बा हे र

मन वसतिगृहात पळालं. तिने त्याला आणलं.

आत.

बा    हे    र

काळोख तेवढाच होता. भीतीही होती. पण पाय चालत होते आणि मागचा श्वास आता लांबून, संथपणे येत होता. दिवा हिरवा झाला.

पलीकडचं दार उघडलं. बाबा उभे होते. केतकीने शिरस्त्राण काढलं, भाता थांबला आणि ती बाबांना काही सांगणार, एवढ्यात मागच्या अंधारातून तिचा शेवटचा श्वास येऊन पोहोचला.

"कोण आहे तिथे?" बाबांनी दचकून विचारलं.

"मीच," केतकी म्हणाली. "न घाबरलेली."