स्प्रिंग आत

यात पदरचं एक अक्षर नाही. थंडीतली रविवारची सकाळ, पुलाखालचं गॅरेज. ऊन शटरपर्यंत आलं होतं.

थोरला मिस्त्री जाऊन सहा महिने झाले होते. रस्त्यात गाडी उकळली. बॉनेट उघडून तो वाकला आणि पाइप फुटला. दवाखान्यात दोन दिवस काढले त्याने.

तीच गाडी घेऊन वहिनी आली.

"भावजी, तापमानाचा काटा पुन्हा वर जातोय. उद्या लेकीला घेऊन लांब जायचंय. नीट बघा, सगळं लक्ष चहात नको!"

धाकटा मिस्त्री उसनं हसला.

इंजिन गार झाल्यावर त्याने थर्मोस्टॅट खोलला. इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारी एवढीशी झडप. तिची स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला, आत हवी; झडप उलटी बसली तर पाण्याची वाट उघडत नाही.

स्प्रिंग बाहेर होती.

सहा महिन्यांपूर्वी घाईत त्यानेच झडप उलटी बसवली होती. थोरला गेल्यावर गुपचूप सरळही केली होती. कुणाला कळू दिलं नव्हतं.

मग आता ही...

त्याने नवी झडप घातली. स्प्रिंग आत. दोनदा बोट फिरवून पाहिलं. बोल्ट आवळून त्यांवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. पाणी भरलं, गाडी चालू केली.

काटा मध्यावर आला... आणि वर सरकला.

पुन्हा सगळं गार होऊ दिलं. बोल्टवरची रेघ जशीच्या तशी होती; कुणी ते फिरवले नव्हते.

आत झडप उलटी.

पुलावरच्या गाड्यांचा आवाज एकाएकी थांबला.

उघड्या पाइपातून कुणीतरी... खाकरलं.

रागवायच्या आधी थोरला असाच खाकरायचा.

"झालं का?" दारातून वहिनीने विचारलं.

"वहिनी... तेव्हा थर्मोस्टॅट मी उलटा बसवला होता."

ती आत आली.

"माहीत आहे. ह्यांनी पाइपाला हात लावताच ओळखलं होतं. दवाखान्यात म्हणाले, त्याला विचारू नकोस, तो स्वतः सांगेल." किल्ली मुठीत आवळून ती म्हणाली, "सहा महिने वाट बघतेय मी."

झडप पुन्हा सरळ बसवल्यावर काटा मध्यावरच राहिला. मायलेकी जाऊन सुखरूप परतल्या.

पण धाकटा आजही शेवटचा बोल्ट आवळताना थांबतो. गाडी कुणाचीही असो. कान देतो.

कधी कधी मागून खाकरल्याचा आवाज येतो...

तो सगळं पुन्हा खोलतो.

आत घातलेली स्प्रिंग बाहेर असते.