राजाच्या ऐवजी

राजा मेला होता, पण क्राकूव शहरात अजून कोणी तसं म्हणत नव्हतं. रीतच तशी होती. राजाच्या अंगलटीचा एक माणूस राजाचं चिलखत घालून राजाच्याच घोड्यावर बसायचा, शवपेटीमागून देवळात जायचा आणि वेदीपुढे घोड्यावरून धाडकन पडायचा. तो पडला की राजा मेला. मग नव्याला वाट मोकळी.

पागेचा कारभारी पेल्का तरण्या यारोशला न्यायला आला, तेव्हा यारोशचा बाप बोगुता नाल ठोकत होता.

"पोरगं अगदी राजाच्या मापाचं आहे," पेल्का म्हणाला.

"मीही आहे."

"म्हाताऱ्या, तू घोड्यावर चढेपर्यंत नवा राजाही म्हातारा होईल."

"पडायचंच आहे ना? ते जमेल मला."

मागच्या राजाच्या ऐवजी जो पडला, त्याने पुढचा उन्हाळा पाहिला नव्हता. पेल्काला ते ठाऊक होतं, बोगुतालाही.

सकाळी बोगुताला राजाचं चिलखत चढवलं. आतल्या कापडाला मेणाचा आणि कडू काढ्याचा वास होता. राजा गेल्यापासून त्याचा करडा घोडा शिवेक कोणाला जवळ येऊ देत नव्हता. बोगुता बसला, तर तो निमूट उभा राहिला.

शिरस्त्राणाची झडप बंद झाली. आत फक्त स्वतःचा श्वास, आणि बाहेर कुठेतरी घंटा. टेकडीच्या चढावर बोगुताच्या लक्षात आलं, आपल्या उजव्या हाताची दोन बोटं घोड्याच्या मानेवर आपटताहेत. टक टक... टक. ही राजाची सवय; शिवेकला नाल ठोकताना त्याने कितीदा पाहिलेली. त्याने बोटं आवरली. ती आवरेनात.

देवळात धुपाने कोंडलं होतं. वेदी आली. त्याने अंग झोकून दिलं, पण गुडघे घोड्याला आवळून बसलेले. सुटेनात. सारं देऊळ वाट पाहत होतं.

"पड की रे..." पेल्का खालून कुजबुजला. "पड..."

बोगुता फार दमला होता. एवढा शीण त्याच्या एकट्याचा नव्हता. आणि त्या शिणाच्या आत कोणीतरी उतरायला तयार नव्हतं.

"महाराज," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, "दमलो आपण दोघंही. चला... उतरू आता."

गुडघे सुटले. फरशीवर लोखंड आदळलं आणि देवळात रडण्याचा कल्लोळ उठला. यारोश धावत आला. त्याने शिरस्त्राण काढलं, उजव्या हाताचा लोखंडी मोजा दोन्ही हातांनी ओढून काढला.

"आबा! आबा, बोला ना!"

"ओरडू नकोस. देऊळ आहे."

शवपेटी तळघरात नेणारे एकमेकांकडे बघत होते. येताना जड होती ती, आता हलकी लागत होती.

दुपारी घरी बायकोने, बियेताने, राय धान्याच्या पिठाचं आंबट सार वाढलं.

"राजे जेवणार, की आमचा म्हातारा?"

"म्हातारा. वाढ."

अंग ठणकत होतं, पण बोटं शांत होती. पोरगं वाचलं होतं. बोगुताने पाव मोडला, सारात बुडवला.

टक टक... टक.

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. हातात पाव होता.

समोर यारोश आईला काहीतरी सांगत हसत होता. उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर.

दूर पागेत शिवेक खिंकाळला.