बंद बटणाचा दिवा

हसीना दैवशाला खरातांकडे आली ती सरळ पोलीस ठाण्यातून. तिचा नवरा मुबारक वायरमन. परतूरजवळच्या वस्तीवर रामप्रसादच्या स्वयंपाकघरात त्याने दिव्याचे नवे बटण बसवले होते. काही दिवसांनी होल्डर बदलताना रामप्रसाद शॉक लागून मेला. बटण बंद होते. मुबारकने जोडणी उलटी केली, असे घरच्यांनी सांगितले आणि पोलिसांनी त्याला उचलले.

"मॅडम, त्याचा हात असा चुकत न्हाई."

दैवशाला खरात खासगी तपास करत. हातांवर त्यांचा विश्वास नव्हता, तारांवर होता. त्यांचा मदतनीस भारत याला मात्र प्रकरण उघड वाटले. वस्तीवर पोहोचताच त्याने बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"संपलं की, ताई."

"बाकीच्या खोल्यांत लाव."

तिथेही बटण बंद, टेस्टर चालू. भारतने टेस्टरलाच दोष दिला. त्या खोल्यांचे वायरिंग घर बांधले तेव्हाचे, मुबारकने त्याला हात लावला नव्हता, हे रामप्रसादच्या धाकट्या भावाने, पप्पूने, कबूल केले. रामप्रसादची विधवा नंदाबाई दाराशी बसून होती. त्याची म्हातारी आई तुळजाबाई सांगू लागली. मुबारक काम करून गेल्यावर खांबावरची तार ढिली झाली, लाइनमन येईपर्यंत वस्तीभर दिवे मिणमिणत होते.

"आमच्याच घरात लख्ख उजेड व्हता," ती अभिमानाने म्हणाली. पप्पूने तिला पाणी आणायला पिटाळले.

कोरड्या अंगणात एक लोखंडी गज रोवलेला होता. वासराचा खुंटा, असे पप्पू म्हणाला. गजाभोवती तेवढे हिरवे गवत होते. माथ्यावरचा गंज बारीक रेघेत घासून चकाकत होता. शेण कुठेच नव्हते.

संध्याकाळी दैवशालाताईंनी जमादाराला बोलावले आणि सगळ्यांना ओसरीवर बसवले.

"मुबारकचं बटण बरोबर तारेवर आहे. पण घरातलं कुठलंही बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये वीज येतेय, म्हणजे खोट स्वयंपाकघरात नाही, मीटरपाशी आहे. वीज एका तारेनं येते, दुसरीनं परत जाते. खांबावर परतीची तार ढिली झाली, तेव्हा पप्पूनं परतीसाठी जमीन वापरली. गज ठोकला, त्याला तार बांधली, रोज पाणी ओतलं. वासराच्या दाव्यानं इतकी बारीक रेघ पडत नाही, आणि कोरड्या अंगणात गवत एकाच जागी उगवत नाही. खांब दुरुस्त झाल्यावर त्यानं मीटरपाशी तारा परत जोडल्या, त्या उलट्या."

"पण दिवे तर लागत होते," भारत म्हणाला.

"दोन्ही प्रकारे लागतात. बटणानं विझतातही. फक्त होल्डरमध्ये वीज तशीच राहते."

पप्पूची मान खाली गेली. "मला काय ठाऊक, असं व्हईल म्हणून."

"आधी ठाऊक नव्हतं. भाऊ पडल्यावर गजाची तार लपवलीस, तेव्हा होतं. आणि मग मुबारकचं नाव घेतलंस."

तुळजाबाई ताईंकडे बघत राहिली. "एक लेक गेला. दुसरा बी नेऊन राह्यलीस. तो वायरमन आमचा कोण व्हता?"

दारात उभी असलेली हसीना म्हणाली, "माझा हाय ना, आजी."

पंचनामा उरकून जमादाराने पप्पूला उठवले. भारतने फ्यूज काढून दोन्ही तारा जागच्या जागी लावल्या, फ्यूज बसवला आणि आता बटण दाबून बघा, असे नंदाबाईला सांगितले.

अंधार पडला तरी ती बटणाजवळ गेली नाही.